खारा वारा आला का?

मैत्रिणींनो, उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारची जेवणं आटोपतात, ओटा पुसून होतो, पंखा नुसती गरम हवा फिरवत असतो. आणि मग केव्हातरी पश्चिमेच्या खिडकीचा पडदा हलतो. "आलं बाई वारं!" म्हणत आम्ही माणगावच्या बायका सुस्कारा सोडतो. हे वारं कुठून येतं, आणि एखाद्या दिवशी का येत नाही, हे गृहिणीला ठाऊक असलेलं बरं.

एक तवा आणि पाण्याचं पातेलं शेजारी शेजारी उन्हात ठेवून पाहा. तवा लगेच चटका देतो, पाणी मात्र जेमतेम कोमट होतं. जमीन म्हणजे हा तवा आणि समुद्र म्हणजे पातेलं. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हाच खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई वारा म्हणतात. शाळेत मुलांना हे शिकवताना मी तव्याचंच उदाहरण देते. पावसाळ्यात मात्र नैऋत्येचा जोर एवढा असतो की ही रोजची ये-जा जाणवत नाही.

श्रीवर्धन, मुरूडकडे हा वारा दुपारच्या आतच सुरू होतो. आमचं माणगाव समुद्रापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर आत. मध्ये डोंगर, मागे ताम्हिणीचा सह्याद्री. वारा इथे पोहोचेपर्यंत दुपार कलते. तोवर गाव तापतच राहतं.

पण मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेचा कोरडा, तापलेला वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो. असे दिवस वाईट. आमच्याच भागातल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. कोकणात, आणि तेही मार्चमध्ये!

आणि नुसता पारा पाहून भागत नाही. किनाऱ्याकडची हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी पारा होता ३८ च्या आसपास. म्हणून "अडतीसच तर आहे" असं म्हणू नका.

तर घरात काय करावं?

सकाळी खिडक्या सताड उघडा, पण ऊन चढलं की बंद करून पडदे ओढा. बाहेर वारं सुटलं की आधी पश्चिमेच्या खिडक्या उघडा आणि समोरचं दारही उघडं ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल.

पापड-कुरडयांचं वाळवण सकाळीच उन्हात घाला आणि खारा वारा सुटायच्या आत उचला. तो ओलावा घेऊन येतो. कडक झालेला पापड पुन्हा मऊ पडतो. वाळवण गार झाल्यावरच डब्यात भरा. मिठाच्या बरणीत चार दाणे तांदूळ टाका.

चुलीपुढचं मोठं काम, लाडूंचं बेसन भाजणं असो की आमरसाचा घाट, सकाळी नवाच्या आत उरका. आल्यागेल्याला पाणी देतो, तसं स्वतःही मधूनमधून पीत जा. सगळ्यांचं झाल्यावर आपलं, ही सवय उन्हाळ्यात तरी सोडा.

घरातलं कुणी, विशेषतः म्हातारं माणूस किंवा लहान मूल, असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून भाजल्यासारखं लागलं, तर वाट पाहू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने सगळं अंग पुसत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

दुपारी तीन-चार वाजून गेले, तरी पडदा हलला नाही आणि वारं पूर्वेकडून झळा मारत असलं, तर त्या दिवशी बाजार, भिशी, हळदीकुंकू सगळं दिवेलागणीवर ढकला. कामं काय, उद्याही होतील.