बुजणाऱ्या जनावराचे शहाणपण



गळीत हंगाम सुरू झाला की काट्यावरच्या रांगेची तक्रार येते, तोडणीच्या तारखेची येते आणि त्यांच्या जोडीला आणखी एक हमखास येते. "बैल बुजला आणि गाडी चारीत गेली." कोणाचा बैल ट्रॅक्टरच्या दिव्याला बुजतो, कोणाचा वाऱ्यावर फडफडणाऱ्या ताडपत्रीला, तर कोणाचा रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या चकाकीला. मग गाडीवानाचा हात चाबकाकडे जातो आणि चारचौघांत त्या मुक्या जनावराला 'भित्रं', 'खुळं', 'अवलक्षणी' अशा पदव्या मिळतात. या पदव्या आम्हांला पटत नाहीत. बैल काय, घोडा काय, शेळी-मेंढी काय, ही सगळी मुळात दुसऱ्याच्या तोंडचा घास असलेली जनावरे. त्यांच्यातली जी वेळेवर बिचकली ती वाचली, त्यांचीच प्रजा पुढे आपल्या गोठ्यात आली. तेव्हा या वेळी खत-बेण्याचा विषय बाजूला ठेवून या जनावरांना निसर्गाने जीव वाचवायला काय काय दिले आहे, ते पाहू.

पहिली गोष्ट पायांची. घोड्याचा खूर म्हणजे त्याचे मधले बोट. बाकीची बोटे झिजत झिजत गेली आणि चारही पायांवर एकेक बोट उरले. मागच्या पायाचा जो सांधा पाहून आपण 'घोड्याचा गुडघा उलटा' असे म्हणतो, ती खरी त्याची टाच. म्हणजे घोडा जन्मभर बोटाच्या टोकावर उभा असतो. मांसल भाग सगळा वर, खांद्यात आणि पुठ्ठ्यात. खाली हाडे आणि लांबच लांब शिरांचे दोर. पाय टेकला की हे दोर ताणले जातात आणि उचलताना स्प्रिंगसारखे परत ओढून घेतात, त्यामुळे दर टापेला ताकद वाचते. खालचा पाय हलका असल्याने तो पुढे फेकायलाही सोपा. दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून दाखवले. तोवर चित्रकार आपापल्या मनाने घोडे पळवीत होते!

पोटातली व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. घोड्याच्या पानथरीत तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो. जनावर घाबरले किंवा पळू लागले की पानथरी आकसते आणि तो साठा रक्तात सोडते. रक्त दाट होते आणि जास्त प्राणवायू वाहू लागते. भरधाव दौडीत घोड्याचा श्वास टापेला बांधलेला असतो, एका उडीला एक श्वास. शर्यतीच्या घोड्याने दोन फर्लांगांच्या अंतरात ताशी ७० किलोमीटरचा वेग गाठल्याची नोंद अमेरिकेत २००८ साली झाली आहे. झोपेचेही असेच. पायांचे सांधे अडकवून घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो. गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, पण ती दिवसातून थोडाच वेळ. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभे राहते आणि दुसऱ्या दिवशी आईच्या बरोबरीने पळू लागते.

गाईचे तसे नाही. गाय रानात व्याली तर वासराला झुडपात, गवतात दडवून चरायला जाते. हरणाचे पाडसही पहिले काही दिवस गवतात मुकाट पडून राहते. आपल्याकडच्या म्हाताऱ्या गुराख्यांना हे पक्के ठाऊक असते. चुकलेले वासरू शोधताना ते गाईच्या मागे मागे जातात, इकडेतिकडे हाका मारीत बसत नाहीत.

आता कोणाला वाटेल, पळण्याचा वेग असला म्हणजे झाले. तसे नाही, आणि हे सांगायला आपल्या पश्चिम महाराष्ट्रातलेच एक उदाहरण आहे. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवण्याची रीत होती. काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळते, आणि माणूस किंवा घोडेस्वार दिसला की फार अगोदर पळते. मग चित्ता त्याच्याजवळ न्यायचा कसा? डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवायचे. माळावरच्या काळविटांना शेतकऱ्यांच्या गाड्या रोजच्याच. गाडीपासून आपल्याला काही होत नाही, हे त्यांना सवयीने माहीत. गाडी तिरकी तिरकी चालवीत जवळ नेली की टोपी काढायची. भारतातला तो चित्ता पुढे संपला. १९४७ साली आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ साली ही जात देशातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात सोडले, ते आफ्रिकेतले. काळवीट मात्र आपल्याकडे टिकले. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला १९८० साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले.

त्या शिकारीतला मुद्दा लक्षात घ्या. काळविटाचा वेग कमी पडला नव्हता, त्याने राखलेले अंतर चुकले होते. बैलगाडीने त्याला फसवले. शिकार होणाऱ्या प्रत्येक जनावराच्या मनात अशी एक हद्द असते. त्या हद्दीबाहेर लांडगा दिसला तरी ते चरत राहते. हद्दीच्या आत आला की पळते. दर वेळी पळत सुटले तर चारा खायचा कधी?

आफ्रिकेत बोट्सवाना देशात शास्त्रज्ञांनी चित्त्यांच्या गळ्यात वेग मोजणारे पट्टे बांधले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत सर्वांत जास्त वेग ताशी ९३ किलोमीटर भरला, पण बहुतेक पाठलागांत चित्ता त्याच्या जवळपासही गेला नव्हता. सरासरी पाठलाग पावणेदोनशे मीटरांच्या आतबाहेर. पुढे सिंह आणि झेब्रा, चित्ता आणि इंपाला हरीण अशा जोड्यांना पट्टे बांधले, ते काम २०१८ साली छापून आले. शिकाऱ्याच्या स्नायूंची ताकद सावजापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघाली, वेग पकडण्यात आणि थांबण्यात तर तो कितीतरी पुढे. मग सावज वाचते कसे? अगदी सरळ भरधाव पळाले तर ते सापडते, कारण ते पुढे कुठे असेल याचा अंदाज शिकाऱ्याला येतो. थोडा वेग हातचा राखून, शिकारी अगदी जवळ येईपर्यंत थांबून, ऐन वेळी वळले तर शिकारी पुढे निघून जातो. आपल्याकडे ससा कुत्र्याला असाच चकवतो. आपली पोरे लंगडी खेळताना हेच करतात, त्यांना कोणी शिकवलेले नसते.

म्हणजे जीव वाचतो तो वेळेवर कळण्याने. इथे डोळा, कान आणि नाक येते.

घोड्याचे, बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. घोड्याला मान न वळवता सुमारे ३५० अंश दिसते, बैलाला त्याहून थोडे कमी. फक्त शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या अगदी पुढे एक पट्टी अंधारी राहते. टांग्याच्या घोड्याला झापडे बांधतात ती याच कारणाने, मागचे चाक त्याला सारखे दिसत राहू नये म्हणून. डोळ्याची बाहुलीही आडवी, त्यामुळे सगळे क्षितिज एका नजरेत येते. मौज पुढेच आहे. चरायला मान खाली घातली की बाहुली उभी व्हायला हवी, पण डोळा खोबणीत फिरतो आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. हे २०१५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले. आपल्या दारच्या शेळीकडे लक्ष देऊन पाहिले तर कोणालाही दिसेल.

या एवढ्या मोठ्या नजरेची किंमत मोजावी लागते. दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसणारा भाग समोरचा थोडाच. त्यामुळे खोली चटकन कळत नाही. रस्त्यावरचा ओला डाग आणि खड्डा बैलाला सारखेच वाटतात. तो थांबतो, मान खाली घालतो, हुंगतो. हा त्याचा आडमुठेपणा नव्हे, तो मापे घेतोय. लाल रंगही त्याला आपल्यासारखा दिसत नाही. स्पेनमध्ये बैल अंगावर येतो तो फडक्याच्या हालण्याने. रात्री त्याला आपल्यापेक्षा बरे दिसते, डोळ्याच्या मागच्या चकचकीत पडद्यामुळे उजेड दोनदा वापरला जातो. बॅटरी मारली की डोळे चमकतात ते त्यामुळेच. पण झगझगीत उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा जमायला त्याला वेळ लागतो. ट्रॅक्टरचा मोठा दिवा डोळ्यांवर पडून गेल्यावर बैल काही वेळ जवळजवळ आंधळाच असतो, आणि नेमके तेव्हाच गाडीवान त्याला हाकतो.

कानाचे गणित आणखी वेगळे. आपल्याला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, बैलाला ३५ हजारांपर्यंतचा. साखळीची किणकिण, हवेच्या ब्रेकचा फुस्कारा त्याला आपल्याहून फार तीक्ष्ण लागतो. मात्र आवाज नेमका कुठून आला हे त्याला नीट कळत नाही. माणूस एका अंशाच्या फरकाने दिशा ओळखतो, बैल ३० अंशांच्या. घड्याळाच्या तबकडीवर बारा आणि एक यांच्यात जेवढे अंतर तेवढी त्याची चूक. रानात त्याचे अडत नव्हते. आवाज आला की मान त्या बाजूला वळवायची, पुढचे काम डोळा करतो. जुवाखाली मान वळत नाही. मागून कर्णा वाजला, कुठून ते कळेना, पाहता येईना, मग उधळण्याशिवाय त्याच्या हाती राहते काय?

नाकाविषयी थोडेच सांगतो. घाबरलेल्या जनावराच्या मुताच्या वासाने दुसरी जनावरे बिचकतात, हे प्रयोगांत दिसले आहे. एखाद्या जागी एक जोडी बुजली की मागच्या जोड्याही तिथेच अडतात. त्यात भुताखेताचे काही नाही.

अमेरिकेत टेंपल ग्रँडिन नावाच्या बाईंनी जनावरांच्या वाटेत स्वतः वाकून, त्यांच्या उंचीवरून पाहून त्यांना काय काय बुजवते ते शोधले. लोंबणारी साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, जमिनीवर पडलेली काळी सावली, पाण्याची चमक. सगळ्या बारीक गोष्टी, माणसाच्या लक्षातही न येणाऱ्या. त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट आपल्या गाडीवानांना उपयोगी आहे. जनावराचा खांदा ही मधली खूण धरावी. खांद्याच्या मागून जवळ गेले की ते पुढे सरते, खांद्याच्या पुढून गेले की मागे. आरडाओरडा लागत नाही. आपले जुने गडी हेच करतात, फक्त त्यांनी त्याचे पुस्तक लिहिले नाही.

आता आपल्या आवारापुरते. बैल जुंपला की त्याचा वेग आपण काढून घेतो. नाकात वेसण, मानेवर जू, मागे दोन-अडीच टन ऊस. पळण्याची वाट बंद, पण डोळा-कान पूर्वीसारखेच जागे. म्हणून ताडपत्रीची टोके बांधलेली असावीत. रांगेत बैलगाड्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी मोठा दिवा खाली करावा आणि कर्णा वाजवू नये. बैलाच्या मागून मुकाट्याने जाऊ नये, आधी हाळी द्यावी, मग खांद्याच्या बाजूने यावे. नव्या खोंडाला हंगामाआधी रिकाम्या गाडीने दोन-चार वेळा आवारात फिरवून आणावे. काळविटाला गाडीची सवय झाली, तशी बैलाला गव्हाणीच्या घरघरीची होते. आणि रांग लांबली तर जोडी सोडून बसू द्यावी. भराभर खाऊन घ्यायचे आणि निवांत जागी बसून रवंथ करायचा, हीही शिकार होणाऱ्या जनावराचीच रीत. उभ्या बैलापुढे वाढ्यांचा ढीग टाकला म्हणजे त्याचे पोट भरले असे होत नाही.

बिबट्याचे सांगायला हवे. जुन्नर भागात बिबटे उसातच राहतात, उसातच वितात. बैलाची सगळी मदार लांबचे दिसण्यावर, आणि उसाच्या फडाने ते लांबचे दिसणेच घालवले. तेव्हा कोप्यांवरची जनावरे फडाच्या कडेला बांधू नयेत, मोकळ्या जागी, उजेडात आणि एकमेकांजवळ बांधावीत. रात्री सगळे बैल रवंथ थांबवून, कान उभे करून एकाच दिशेला पाहू लागले तर माणसांनी उठावे, पोरांना आत घ्यावे. दाव्याला बांधलेला बैल पळू शकत नाही, पण त्याला कळलेले असते.

शेवटचे, दुखण्याविषयी. कळपातले लंगडे जनावर लांडगा आधी हेरतो. त्यामुळे ही जनावरे दुखणे लपवतात. बैल कण्हत नाही, पाय अगदीच टेकवेना झाला की मग आपल्याला दिसते, आणि तोवर खुरात पू झालेला असतो. सकाळी जुंपण्याआधी चारही खूर उचलून पाहावेत, मानेवरची जुवाची जागा हाताने दाबून पाहावी. हात लावताच कातडी थरथरली किंवा कान मागे गेले तर त्या दिवशी ती जोडी गोठ्यात राहू द्यावी आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.