ध्वनिलेखनाच्या दोन तऱ्हा

सर्व कलांमध्ये गायन-वादनाची कला अत्यंत क्षणभंगुर होय. चित्र भिंतीवर टिकते, मूर्ती देवळात टिकते; परंतु स्वर उमटतो न उमटतो तोच नाहीसा होतो. थोर गवई अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली आपल्या मुंबईतच निवर्तले. त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज ऐकावयास मिळत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा आवाज मात्र आजही घरोघर ऐकता येतो. गुरूचा स्वर विरून गेला आणि शिष्येचा उरला, हा सर्व प्रताप ध्वनिलेखनाच्या विद्येचा आहे.

या विद्येच्या आज दोन तऱ्हा आहेत. एकीस अ‍ॅनलॉग म्हणतात, दुसरीस डिजिटल. एखादा जुना नामांकित रॉक वाद्यवृंद नवा गीतसंग्रह काढावयास निघाला, की तो फितीवर मुद्रित करावा की संगणकावर, असा वाद रसिकांत हटकून उपस्थित होतो. या वादात कोणती बाजू किती खरी, हे दोन्ही तऱ्हांचे मर्म जाणल्यावाचून कळणार नाही. यास्तव प्रथम तेच पाहू.

ध्वनी म्हणजे हवेचे कंपन, हे आपण भौतिकशास्त्रात शिकतोच. अ‍ॅनलॉग पद्धतीत या कंपनाची सदृश आकृती दुसऱ्या पदार्थावर उमटवितात. ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाच भिंगातून पाहावी. ती सरळ नसून नागमोडी असते, आणि तिचे प्रत्येक वळण मूळ कंपनाचेच वळण असते. १९२५ सालापूर्वी गायकास कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. पुढे मायक्रोफोन व वीज यांच्या साह्याने लेखन होऊ लागले. तरीही जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. त्यानंतर फीत आली. प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या भस्माचा पातळ थर असतो, आणि आवाजाच्या चढउताराप्रमाणे त्यातील कण चुंबकित होतात. दोन इंच रुंदीच्या फितीवर चोवीस निरनिराळे पट्टे मुद्रित करता येतात. त्यामुळे ढोल, गिटार व गायकाचा कंठ हे सर्व वेगवेगळे ठेवून मागाहून त्यांचे मिश्रण करता येते.

डिजिटल पद्धतीत आकृतीऐवजी आकडे असतात. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका ठरावीक वेळाने रोग्याचा ज्वर मोजून तक्त्यावर आकडा मांडते, आणि त्या आकड्यांवरून ज्वराची रेषा काढता येते. तसाच काहीसा हा प्रकार आहे. भेद इतकाच की, १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ध्वनीचे मोजमाप एका सेकंदात ४४,१०० वेळा होते, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवितात.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दोन मापांच्या मधल्या क्षणी जे घडले ते तर हरवलेच ना? मग आकड्यांचे संगीत तुटक नव्हे काय? आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो, परंतु गणिताने त्याचे निरसन केले आहे. ध्वनीतील अत्युच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतले, तर मूळची अखंड रेषा जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते. मनुष्याचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. सबब ४४,१०० मापे पुरेशी होतात. उरते ती आकडा जवळच्या पायरीवर बसविताना होणारी सूक्ष्म चूक, आणि तिच्यामुळे होणारी खरखर फितीच्या स्वाभाविक सुसकाऱ्याहूनही क्षीण असते.

असे असता फितीचे चाहते का उरावेत? याची कारणे दोन. पहिले कारण कानाचे. आवाज मर्यादेबाहेर चढला, तर फीत त्यास हळूहळू दाबते व गोलाई आणते. हा दोषच आहे, परंतु ढोल व गिटार यांना तो गोड लागतो. डिजिटल यंत्रात मर्यादा ओलांडताच आवाजाचा माथा एकदम छाटला जातो आणि कर्कशपणा येतो. दुसरे कारण मनाचे, व आमच्या मते ते अधिक वजनदार आहे. फितीवर दुरुस्ती करणे कष्टाचे. ती पात्याने कापून जोडावी लागते. संगणकावर एकेक स्वर वेचून सुधारता येतो. त्यामुळे फितीपुढे उभा राहणारा वादक तयारी करून येतो. संगणकापुढचा 'मागाहून पाहू' म्हणू शकतो. अमेरिकेतील फू फायटर्स या वृंदाने २०११ साली 'वेस्टिंग लाइट' हा संग्रह मुद्दाम फितीवर, एका घराच्या गॅरेजमध्ये मुद्रित केला, यात आम्हास नवल वाटत नाही.

ही शिस्त आपल्या शहरास अपरिचित नाही. अनेक पट्ट्यांची सोय येण्यापूर्वी ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ठिकाणी गायक व सारा वाद्यमेळ एकत्र बसून गाणे मुद्रित करीत. एका व्हायोलिनवाल्याची चूक झाली की सर्वांस पुन्हा आरंभ करावा लागे. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी ध्वनिमिश्रणात जे नाव मिळविले, तेही फितीच्याच काळात.

तथापि एवढ्यावरून फितीचा कैवार घेणे योग्य नाही. मुंबईचाच रॉक मशीन हा वृंद पाहा. १९८४ साली तो स्थापन झाला, धोबीतलावच्या रंगभवनात त्याचे कार्यक्रम गाजले, आणि पुढे त्याने इंडस क्रीड हे नाव घेतले. त्याचा १९८८ चा पहिला संग्रह श्रोत्यांनी कॅसेटवर ऐकला. २०१२ चा 'इव्हॉल्व्ह' संगणकाच्या युगात निघाला. कॅसेटची प्रत काढली की सुसकारा वाढतो, प्रतीची प्रत त्याहून मलिन होते. आकड्यांची हजारावी प्रत मात्र पहिलीइतकीच शुद्ध असते. मुंबईच्या पावसाळ्यातील दमट हवेने फितीवर बुरशी येते, थर चिकट होतो. आकड्यांचा दोष निराळा: फीत हळूहळू जीर्ण होते, परंतु संगणकाची तबकडी बिघडली की सर्वच एका क्षणात जाते. म्हणून त्यांच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्या लागतात.

दोहोंचा उचित उपयोग कसा करावा, याचा उत्तम दाखला १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांत आहे. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तीत केसरबाईंचे 'जात कहां हो' हे भैरवीतील गाणे आहे. ती खाचेची, म्हणजे अ‍ॅनलॉग आहे. कारण कोणा अज्ञात प्राण्यास सुई टेकवून ती वाजविता यावी. तेच यान ग्रहांची छायाचित्रे मात्र आकड्यांच्या रूपाने पृथ्वीकडे धाडीत आले. कारण इतक्या दूरच्या गोंगाटातून आकडेच बिनचूक वेचता येतात. तऱ्हा ठरली ती कार्यावरून, अभिमानावरून नव्हे.

तात्पर्य, मुद्रण करताना फितीची शिस्त अंगी बाणवावी आणि जतन करताना आकड्यांचा आश्रय करावा. गिरगावच्या चाळींतून व लालबाग-परळच्या खोल्यांतून आजोबांची भजने, मेळ्यांची पदे, शाहिरांचे पोवाडे यांच्या कॅसेट आजही कपाटात पडून असतील. विद्यार्थीमित्रांनो, येत्या सुट्टीत त्या शोधा, जाणत्याच्या साह्याने त्यांच्या डिजिटल प्रती करून घ्या, आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नका. ज्या कॅसेटची दुसरी प्रत कोठेच नाही, ती एकदा बिघडली की तीतील आवाज कोणत्याही यंत्रास परत आणता येणार नाही.