बाटली, बर्फपेटी आणि काळी पट्टी

काशीतल्या भोसले घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहिल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. बाटली १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली असते. झाकणाच्या आतल्या कडेला बोट लागलं, की तपासणी गंगेची न राहता माझी होते. बाटली बुडाशी धरून, तोंड खाली ठेवून कोपरभर खोल न्यायची आणि मग प्रवाहाच्या समोर वळवायची. काठोकाठ भरायची नाही, नंतर हलवायला वर थोडी हवा लागते. लगेच बर्फपेटीत.

वर नागपूरकर भोसल्यांची अठराव्या शतकातली वास्तू, लक्ष्मीनारायणाचं देऊळ. दक्षिणेला जवळच मणिकर्णिकेचा स्मशानघाट, आणि इथे गंगा उत्तरेकडे वाहते, त्यामुळे लोक चितांच्या राखेलाच दोष देतात. राख दिसते ना! रोग येतात ते सांडपाण्यातून. म्हणून आम्ही विष्ठेतले कोलिफॉर्म जीवाणू शोधतो. ते स्वतः बहुतेक निरुपद्रवी. पण ते सापडले, तर कॉलरा-विषमज्वराच्या जंतूंनाही तीच वाट मोकळी आहे.

प्रयोगशाळेत जांभळ्या मॅकॉन्की द्रवाच्या नळ्यांची रांग लागते. प्रत्येक नळीत एक चिमुकली नळी उलटी ठेवलेली. जंतू वाढले की द्रव पिवळा होतो आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. त्यातलं थोडं पुढे ४४.५ अंशांवर वाढवून पाहायचं. आतड्यातल्या जंतूंना ती ऊब सोसते. सगळ्याच नळ्या पिवळ्या पडल्या तर पंचाईत: पाणी घाण आहे एवढंच कळतं, किती ते कळत नाही. म्हणून नदीचा नमुना आधीच दहापट, शंभरपट पातळ करावा लागतो.

‘पाणी चांगलं आहे का?’ असं कुणी विचारलं, की मी ‘कशासाठी?’ असं विचारते. स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५००पर्यंत असावेत, २,५०० ही कमाल मर्यादा. पिण्याच्या तेवढ्याच पाण्यात ई. कोलाय एकही चालत नाही. नोकरीत मी दूध, चटण्या आणि रसवंतीतला बर्फही तपासला. बर्फ फार फसवा. गोठल्यानं सगळे जंतू मरत नाहीत.

काशीतल्याच तुळशी घाटावर संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी १९८२मध्ये गंगेच्या स्वच्छतेसाठी प्रतिष्ठान काढलं. पुढे पाणी तपासणारी प्रयोगशाळाही उभारली. रोज गंगेत बुडी मारणारा हा माणूस जलअभियांत्रिकीचा प्राध्यापकही होता. तिथल्या आकड्यांना ‘नास्तिकांचा डाव’ म्हणणं अवघड जातं.

पाणी कसं तपासायचं हे मुलांना दाखवताना मी नळ्या मांडत नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मंजा आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्येच मांडलेली छोटी बाटली देते: आत रसायनात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी. घरचं पाणी भरा, उबेत ठेवा. दुसऱ्या दिवशी काळं झालं तर पाण्यावर संशय घ्या. काळं म्हणजे शंभर टक्के विष्ठाच असं नाही, हेही सांगावं लागतं. मुलांना निकाल लगेच हवा असतो.

मग हमखास प्रश्न येतो: आजीच्या गडूतलं गंगाजल नासत कसं नाही? तेव्हा हॅन्किन सांगते. आग्र्यातल्या या जीवाणुशास्त्रज्ञानं १८९६मध्ये लिहिलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळलं की हा गुण जातो. जीवाणूंना खाणारे विषाणू, म्हणजे फाज, हे त्याचं कारण असावं असं पुढे मानलं गेलं. एखादा चलाख मुलगा लगेच म्हणतो, ‘मग उकळायचंच नाही!’ फाज निवडक असतात, मी सांगते. ठरावीक जीवाणू मारतात, बाकीच्यांना हात लावत नाहीत. काविळीच्या विषाणूचं तर ते काहीच बिघडवत नाहीत. गडू देव्हाऱ्यात राहू दे. प्यायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच ठेव.