मुक्त सॉफ्टवेअरच्या स्टॉलवर एक दिवस

कला शाखेच्या विद्यार्थ्याचे संगणकाच्या स्टॉलवर काय काम? मित्रांनी हे विचारण्यापूर्वी मीच स्वतःला विचारले होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. स्वतःचा संगणक नाही. तरीही गेल्या सप्टेंबरात ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’निमित्त जवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात लागलेल्या स्टॉलवर मी स्वयंसेवक म्हणून उभा राहिलो. हा दिवस २००४ सालापासून जगात ठिकठिकाणी साजरा होतो.

दोन टेबले, तीन लॅपटॉप आणि पत्रकांचा गठ्ठा. पत्रके वाटायची आणि चार शब्द सांगायचे, एवढेच माझे काम. पहिल्याच गृहस्थांनी विचारले, “फुकट आहे का?” मी उत्साहाने म्हणालो, “अगदी फुकट!” ते हसले. “मग आमच्या पोराने दुकानातून कॉपी मारून आणलेलेही फुकटच आहे की!” मी निरुत्तर झालो. माझा मागच्या वर्षीचा प्रकल्प तशाच चोरीच्या प्रतीवर टाइप झाला होता.

स्टॉलवरच्या ताईंनी मग मला फरक समजावून दिला. फुकट वेगळे, मुक्त वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, त्यामागे चार स्वातंत्र्यांचा विचार होता : सॉफ्टवेअर कशासाठीही वापरावे, आत कसे चालते ते पाहून हवे तसे बदलावे, दुसऱ्याला द्यावे आणि आपण केलेली सुधारणाही वाटावी. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच लिनक्स आहे. चोरीच्या प्रतीत यातले काहीच नसते. ती परवानगीविना घेतलेली असते आणि तिच्या आत काय आहे हेही कळत नाही.

दुपारी मुलीची फी भरायला आलेले एक शेतकरी काका टेबलाशी थांबले. त्यांना मी माझ्या परीने सांगितले, “काका, घरचे बियाणे कसे, पेरावे, निवडून सुधारावे, शेजाऱ्याला द्यावे. संकरित बियाणे मात्र दर साली विकत घ्यावे लागते.” काका म्हणाले, “पण बियाणं दिलं की आपल्या कणगीतलं कमी होतं. ह्याचं?” मी म्हटले, “याचे कमी होत नाही.” ते मान डोलावून म्हणाले, “मग दडवून ठेवायचं कारणच काय?” दिवसभरात मी ऐकलेला हा सर्वांत नेमका प्रश्न होता.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. संध्याकाळी प्रिंटर लिनक्सशी काही केल्या बोलेना आणि जमलेले चार जण निघून गेले.

पण निघण्यापूर्वी ताईंनी मला ‘लिब्रे ऑफिस’चे मराठी रूप दाखवले. हे मराठी शब्द स्वयंसेवकांनी घातलेले असतात. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही, मराठी यावी लागते. ‘साठवा’ बरे की ‘जतन करा’, यावर आम्ही पाऊण तास वाद घातला. त्या वादात मी कोणापेक्षा कमी नव्हतो!

मित्रहो, मराठी विकिपीडिया २००३ पासून अशाच हातांनी उभा राहत आहे. आपल्या मराठी विभागातील गुरुजनांनी मनावर घेतले, तर वाचनालयातल्या एका संगणकावरही हे काम सुरू होईल. कला शाखेच्या विद्यार्थ्याचे तिथे काय काम, याचे उत्तर मला त्या टेबलामागे मिळाले.