काजव्याच्या पोटातला उजेड

रोहिणी निघाल्या की शिराळा तालुक्यात भाताची धूळवाफ पेरणी सुरू होते आणि त्याच सुमारास चांदोलीच्या कडेची झाडं रात्री लुकलुकू लागतात. पलीकडे साताऱ्यात, कोयनेच्या खोऱ्यातही तेच. हल्ली काजवे पाहायला सांगली-कराडहून गाड्या भरून माणसं जातात आणि येताना बरीच ऐकीव माहितीही घेऊन येतात.

त्यातली सगळ्यांत पक्की बसलेली समजूत म्हणजे काजव्याच्या अंगात फॉस्फरस असतो, म्हणून तो चमकतो. पांढरा फॉस्फरस हवेत मंद चमकतो हे खरं, पण काजव्याचा उजेड तो नव्हे. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. त्याच्या पोटाच्या शेवटच्या वळ्यांत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज हे विकर, मॅग्नेशियम आणि पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी यांच्या मदतीने ल्युसिफेरिनचा प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून सुटलेली ऊर्जा हिरवट-पिवळा प्रकाश होऊन बाहेर पडते. एटीपीशिवाय हे होत नाही, हे अमेरिकेत विल्यम मॅकेलरॉय यांनी 1947 साली दाखवलं. त्यासाठी लागणारे काजवे त्यांनी बाल्टिमोरच्या पोरांना पैसे देऊन गोळा करवले होते. एटीपी प्रत्येक सजीव पेशीत असतो, त्यामुळे आज हीच अभिक्रिया कारखान्यांतली भांडी आणि नळ्या खरोखर स्वच्छ झाल्या का, हे तपासायला वापरतात.

काजवा मुठीत धरला तर बोटांच्या फटींतून उजेड दिसतो, पण तळहाताला ऊब लागत नाही. या थंड उजेडावरून आणखी एक गोष्ट पसरली: काजव्याची सगळी ऊर्जा प्रकाशात जाते, वाया काहीच जात नाही. जुन्या पुस्तकांतही हे छापलेलं आढळतं. 1960च्या मोजणीत या अभिक्रियेची क्षमता 88 टक्के आली होती. 2008 साली जपानी शास्त्रज्ञांनी पुन्हा काटेकोर मोजली, तेव्हा ती 41 टक्के भरली. म्हणजे 100 रेणूंची अभिक्रिया झाली, तर साधारण 41 प्रकाशकण मिळतात. तरीही हा आकडा विलक्षणच आहे, तो फुगवून सांगायची गरज नाही.

पंखांच्या उघडझापेमुळे काजवा लुकलुकतो, असंही म्हणतात. पंख मिटून पानावर बसलेला काजवा जवळून पाहा. उजेड पोटाच्या खालच्या बाजूला असतो आणि तो तिथेच लागतो, विझतो. ही चालू-बंद प्राणवायूच्या पुरवठ्यावर चालते. एरवी पेशीतला प्राणवायू तिथली ऊर्जाकेंद्रंच वापरून टाकतात. मज्जातंतूचा इशारा आला की नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, ऊर्जाकेंद्रं क्षणभर थांबतात आणि प्राणवायू ल्युसिफेरिनपर्यंत पोचतो. नायट्रिक ऑक्साइडची ही भूमिका 2001 साली उजेडात आली.

सुगरण घरट्यात काजवे चिकटवून दिवाबत्ती करते, ही गोष्ट तर कृष्णाकाठी लहानपणापासून कानावर पडते. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणाऱ्या घरट्यांत आतून चिखलाचे गोळे लावलेले असतात, हे खरं आहे. पण त्यात काजवे बसवल्याचा भरवशाचा पुरावा नाही. शिवाय चिखलात दाबलेला काजवा मरणार आणि उरलेली रसायनं संपली की त्याचा उजेडही जाणार.

हा उजेड जोडीदारासाठी असतो. नर आपल्या ठरावीक लयीत चमकतो, मादी उत्तर देते. बॅटरी, गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश यांत ते उत्तर दिसत नाही आणि मीलन हुकतं. म्हणून काजवे पाहायला जाणाऱ्यांनी गाडीचे दिवे बंद करून अंधारात उभं राहावं, असं मला फार कळकळीने वाटतं.

अळ्यांना मात्र जोडीदार शोधायचा नसतो, तरी त्याही चमकतात. आपण खायला चांगल्या नाही, हा शत्रूला दिलेला इशारा. काजव्याचं बहुतेक आयुष्य याच रूपात, ओल्या पाचोळ्यात गोगलगाई खात जातं, पंख फुटल्यावर हाती उरतात ते थोडे आठवडे. त्यामुळे उन्हाळ्यात डोंगराला लावलेल्या वणव्यात पुढच्या हंगामाचे काजवे दिसण्याआधीच जळून जातात.