फिरते घर आणि पाण्याचा हिशेब

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या लगतच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर १९८३ पासून मोटारीच्या फिरत्या घरांना हिवाळाभर मुक्कामाची सोय आहे. अशा घरात बहुधा तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलोंचे ओझे. म्हणून टाकी हवी तेवढी मोठी करता येत नाही. शिवाय वापरलेले पाणी नाहीसे होत नाही, ते दुसऱ्या टाकीत साचते. ती भरली, की स्वच्छ पाणी शिल्लक असूनही हात आखडावा लागतो. साहजिकच तेथे भांडी आधी पुसतात, मग विसळतात.

प्रवास संपवून ही मंडळी पक्क्या घरी परततात. नळ सोडला, की पाणी येते. मोरीतून निघून जाते. टाक्या दृष्टिआड होतात. आमच्या मते खरी परीक्षा येथेच सुरू होते. कारण टाकी तेथेही आहे, फक्त ती दूर आहे. फीनिक्सकडे कोलोरॅडो नदीचे पाणी वाळवंट ओलांडून कालव्याने येते, आणि २०२१ साली त्या नदीवर प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली. वाळवंटात काटा पाहून पाणी वापरणे सोपे. काटा दिसत नसताना तीच सवय टिकवणे, हेच त्या प्रवासाचे फलित म्हणावे.