‘बेड नाही’ म्हणजे काय?

हिंजवडीच्या वस्तीत रात्री कुणाच्या छातीत दुखू लागलं, की रिक्षा सरळ पिंपरीला वायसीएमकडे निघते. तिथं 750 खाटा आहेत. पण पिंपरी-चिंचवडबरोबर मावळ, मुळशी, खेडकडची माणसंही तिथंच येतात. खाटा भरल्या की खाली गाद्या पडतात, आणि त्याही भरल्या की ऐकू येतं, “बेड नाही, ससूनला न्या.”

मग आपण सिस्टरवर चिडतो. मी स्वतः सिस्टर होते, म्हणून आतली बाजू सांगते. भारतीय परिचर्या परिषदेच्या हिशेबानं साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. मी होते तिथं रात्रपाळीला चाळीस खाटा, जमिनीवरचे आठ-दहा वेगळे, आणि आम्ही दोघी. आठचं इंजेक्शन शेवटच्या खाटेपर्यंत पोचायला दहा वाजायचे. एखादा पेशंट बिघडला की एकीला तिथंच अडकून राहावं लागे, बाकी सगळा वॉर्ड दुसरीवर. सलाईन संपल्याचं नातेवाइकच येऊन सांगायचे. खाट विकत आणणं सोपं असतं. तिच्याजवळ तिन्ही पाळ्यांना माणूस उभं करायला दर महिन्याला पगार लागतो, आणि हात आखडता घेतला जातो तो नेमका तिथं. कायम पदं रिकामी राहतात, कंत्राटावर मुली घेतल्या जातात. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका याच कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली जीएनएम करून घरी बसल्या आहेत, हेही लक्षात घ्या.

आता आपल्या गावाचं बघू. आयटी पार्क जगभर माहीत, पण हिंजवडी मुळशी तालुक्यात, कारभार ग्रामपंचायतीचा. महापालिकेची हद्द शेजारच्या वाकडला संपते. वायसीएम चालतं महापालिकेच्या पैशावर, आणि आपण तिच्या हद्दीबाहेर. आपलं ग्रामीण रुग्णालय पौडला. सरकारी नियम म्हणतो, 30 हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 5 हजारांना एक उपकेंद्र. पण लोकसंख्या मोजलेली 2011 ची. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यानंतर मराठवाड्यातून, विदर्भातून येऊन पत्र्याच्या खोल्यांत भाड्यानं राहिलेली कुटुंबं त्या हिशेबात कुठून येणार? म्हणून ताप, शुगर, साधं बाळंतपण, सगळं थेट मोठ्या दवाखान्यात जातं आणि तिथं अपघाताच्या पेशंटला खाट मिळत नाही.

आणखी एक दार आपण विसरतो. कंपन्यांत हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कँटीनला जाणाऱ्यांच्या पगाराच्या पावतीवर ‘ईएसआय’ लिहिलेलं असतं. पगार 21 हजारांपर्यंत असेल तर कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के तिथं जमा व्हायला हवेत. त्यात घरच्यांचाही इलाज होतो. या विम्याची आखणी 1943 मध्ये सुरू झाली ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना. कायदा 1948 मध्ये झाला. चिंचवडला मोहननगरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे. ठेकेदार विमा क्रमांक देत नसेल तर चार-पाच जणी मिळून मागा, एकटीला तो उडवून लावतो. ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी औंधचं जिल्हा रुग्णालय आहे. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.

तरीही तातडीच्या वेळी ‘बेड नाही’ ऐकावं लागलं, तर हकीम शेख हे नाव आठवा. बंगालमधला शेतमजूर. 1992 मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगीत 17 हजार रुपये गेले. त्याची शेतमजूर संघटना कोर्टात गेली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सरकारी दवाखान्यानं वेळेवर उपचार न देणं हा संविधानाच्या कलम 21 चा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. त्याला 25 हजार भरपाई मिळाली. तेव्हा अशा वेळी भांडत बसू नका. आधी प्राथमिक उपचार करून पेशंट सावरायला सांगा, खाट नसल्याचं केसपेपरवर लिहून मागा, पुढं न्यायला 108 ची गाडी मागा. रात्रपाळीच्या सिस्टरला शिव्या दिल्यानं खाट वाढत नाही, तो कागद मात्र पुढं कामाला येतो.

येत्या ग्रामसभेआधी विहारात बसून वस्तीची यादी करा. घरं किती, माणसं किती, गरोदर बाया किती, बीपी-शुगरवाले किती, भाडेकरू धरून. एक प्रत ग्रामसभेत ठरावाला जोडा, दुसरी पौडला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.